कट्यारीचं लिंबू

करिश्माच्या लग्नाचा ब्लाउज मी तीनदा आत घेतला. पहिल्यांदा हसत घेतला, दुसऱ्यांदा कौतुकानं. तिसऱ्यांदा टेप पाठीमागून फिरवून पुढे आणली तेव्हा माझी बोटं तिच्या बरगडीला लागली आणि मी हात मागे ओढला. पोरगी चुलीजवळच्या भिंतीसारखी तापली होती.

"ताप आहे का वं?" मी विचारलं.

"नाही आत्या. लग्नाची गरमी," ती म्हणाली आणि हसली. छान हसली, म्हणून मीही हसले.

अमरावतीत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. शिवणारीला माणसं मापांतून कळतात. कोण माहेरी जाऊन आली, कोणाचं घरात पटत नाही, कोणी कोणाला न सांगता उपास धरले, सगळं टेपवर उतरतं. बाई वाढली तर कुठून वाढली आणि घटली तर काय गेलं, हे मी न विचारता सांगते. बायका त्याला माझा भोचकपणा म्हणतात आणि पुन्हा माझ्याकडेच कपडे टाकतात. करिश्माचा हिशेब मात्र मला लागेना. पोरगी महिन्याभरात मेणासारखी उतरली, आणि खात होती आधीपेक्षा जास्त. ताटातलं जमा दिसत होतं, अंगावर शिल्लक दिसत नव्हती, आणि मधला खर्च कुठे झाला ते कुठेच दिसत नव्हतं.

करिश्मा माझ्या भावाची, खुशालरावची थोरली. चांदूर बाजारजवळ त्याचा मळा आहे, झेंडू, शेवंती, कडेला कोबी-वांगी. नवरदेव अमोल अकोल्याचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. साखरपुड्यात फोटोवाल्यानं दोघांना जवळ उभं केलं तेव्हा अमोलची आई केशरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोघंई खात्यापित्या घरचे हायेत हे सांगा लागत नाही बाप्पा. फोटोवाल्या, मागं सरक जरा, नाई तं मावायचे नाई." सगळा हॉल हसला. मी तेव्हाच पाहिलं, दोनच माणसं हसली नव्हती. ती दोघं.

मार्गशीर्षातलं लग्न. मेंदीच्या दिवशी मी मळ्यातल्या घरी पोचले तेव्हा दुपारी बाराला पण बायका स्वेटर घालून उन्हात बसल्या होत्या. मळ्यातली थंडी गावापेक्षा वाईट. करिश्मा मात्र आतल्या खोलीत होती आणि डोक्यावर पंखा चालू होता. पातळ कुर्ता, कपाळावर घाम. तिच्या मांडीला टेकून घरची मांजर झोपली होती. ही मांजर दिवाळीपासून होळीपर्यंत चुलीजवळून हलत नाही, तिला हलवायला काठी लागते. चूल पेटलेली होती. मांजर तिला सोडून इथे येऊन झोपली होती.

"मनीलेबी कळलं नवरी कोण हाय ते," वहिनी म्हणाली.

मेंदी काढायला परतवाड्याची पोरगी आली होती. तिनं शेवटचं बोट संपवलं आणि पहिल्या हाताकडे पाहिलं तर तिथली मेंदी वाळून सुटायला लागली होती. खाली रंग आला होता, लाल नाही, काळपट, जांभळासारखा. ती म्हणाली, "मी इतकी वर्षं मेंदी काढून राहिली, इतक्या लवकर रंग नाही पाहिला." बायकांनी हात पाहायला गर्दी केली. मेंदी रंगली की सासू जीव लावते, हे आमच्याकडे न शिकवता सगळ्यांना येतं. वहिनीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात साधना आली. साधना वहिनीची धाकटी बहीण, करिश्माची मावशी, अकोल्याच्या एका कॉलेजात जीवरसायन शिकवते. आली की आम्ही तिची खेचतो. तिला सवय आहे.

"या मास्तरीणबाई," मी म्हटलं. "यंदा काय शिकवून राहिल्या पोरायले? मागच्या खेपी प्रथिनं होती, वरणात सापडतात ती."

"यंदा त्यांच्यातून प्रोटॉन कसा जातो ते."

"तो कोण आता?"

साधनाला खरं तर तेवढंच हवं असतं. अंगणाच्या टोकाला बायका झेंडूच्या टोपल्या टेम्पोत चढवत होत्या, हातोहात, एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला. साधना म्हणाली, "ते पाहा. या टोकाच्या बाईनं टोपली पुढे ढकलली की त्याच क्षणी त्या टोकाची बाई आपल्या हातातली टेम्पोत टाकते. इथून निघालेली टोपली अजून मधेच आहे, पण तिथे एक पोचली. प्रोटॉन तसाच जातो. तो म्हणजे हायड्रोजनचा नुसता गाभा, याच्याहून बारीक सामान देवाकडे नाही. पाण्याच्या कणांची रांग लागलेली असते. इकडून एक शिरतो, तिकडून निघतो तो दुसराच."

"म्हणजे लग्नासारखं," मी म्हटलं. "इकडून एक पोट्टी आत जाते, तिकडून दुसरीच निघते."

बायका हसल्या. करिश्माही हसली, पण तिला हसून धाप लागली.

"अन् तो जाते कुठं मरायले?" वहिनीनं विचारलं.

"आपल्या अंगात कणाकणात एक भिंत आहे. आपण जेवतो ना, त्या जेवणाच्या जोरावर हे प्रोटॉन भिंतीपलीकडे चढवले जातात, टाकीत पाणी चढवतो तसे. तिकडे त्यांची दाटी होते. त्यांना परत यायचं असतं, पण वाट एकच, आणि त्या वाटेवर एक चाक बसवलंय. येता येता ते चाक फिरवतात. त्या चाकावर आपलं सगळं चालतं. चालणं, बोलणं, या शालूताईंचं टोमणे मारणं."

"अन् भिंतीले भोक पडलं तं?" वहिनीनंच पुढे विचारलं.

"मग चाकाकडे कोण जाईल? सगळे भोकातून येतील. चाक थांबेल, आणि सगळा जोर नुसता ऊब होऊन जाईल. तान्ह्या लेकराच्या पाठीत निसर्गानं मुद्दाम अशी थोडी भोकं ठेवलीत, थंडी वाजू नये म्हणून."

"मले दोन पाडून दे," कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "रात्री पाय लय गार पडतेत."

त्या हसण्यात विषय संपला. पंख्याखाली बसलेली करिश्मा तेवढी मावशीकडे बघत राहिली. मी ते पाहिलं आणि माझ्या मनात आलं, पोरीला अभ्यासाची आवड आहे, लग्नानंतर शिकेल. माणूस किती शहाणं असतं, त्याचा हा नमुना.

दुसऱ्या दिवशी हळद. आमच्यात नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लागते. केशरबाई स्वतः ती घेऊन अकोल्याहून आली, सोबत दोन जावा, पितळी वाटीवर लाल फडकं. तिला गाडीतून उतरताना पाहूनच माझ्या जिभेला खाज सुटली.

"विहीणबाई, हळद फारच पातळ दिसून राहिली," मी म्हटलं. "वाटेत मूर्तिजापूरले पाणी घातलं का?"

"घातलं नं. म्हटलं तिकडच्या लोकायले घट्ट झेपणार नाई."

"तुमचं झेपलं म्हणजे सगळंच झेपलं."

"शालूबाई, तुमची जीभ कोणत्या कैचीनं कापता हो तुमी?" केशरबाई म्हणाली. बाई मला आवडली. उसनं काही ठेवत नव्हती.

करिश्माला पाटावर बसवलं. नेसून नेसून मऊ झालेलं पांढरं लुगडं, खांदे उघडे. अंगणातल्या सगळ्या बायका शाली पांघरून होत्या. वहिनीनं पहिला हात लावला, गालाला, मग दंडाला. हळद लागली आणि लगेच फिकी पडली. वाळली. मी जवळ होते. उन्हाळ्यात सारवलेल्या अंगणाला जशा भेगा जातात तशा बारीक भेगा तिच्या दंडावर गेल्या आणि खपल्या खाली पडल्या. दुसरा हात लावला, तोही वाळला. वाटी संपली तरी अंगावर ओलं काही राहीना. आणि खपल्यांखालचं कातडं मात्र पिवळं होतं, गोड, एकसारखं पिवळं, डोळ्यांच्या कडांपर्यंत.

"हळद चढली पोरीले," एक जण म्हणाली. "काय रूप आलं."

केशरबाई पुढे वाकून पाहत होती. ती अभिमानानं म्हणाली, "आमच्या अमोलचंई असंच. सकायी लावली न लावली तं वाळून गेली. मी म्हटलं, पोरगं का भट्टी हाय?"

"जोडा शोभते मग," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. केशरबाई जेवली, माझ्याशी अजून दोन हात झाले आणि ती अकोल्याला परतली, कारण संध्याकाळी तिच्याकडे अमोलच्या मित्रांचा नाच होता.

जमेची बाजू पाहा. नवरी बारीक झाली, मेंदी रंगली, हळद चढली, तोंडावर तेज आलं, भूक चांगली, थंडी वाजत नाही. एक ओळ खोडावी अशी नव्हती.

दुपारी पाहुण्यांसाठी गाद्या काढायच्या होत्या. मी करिश्माची उशी उचलली तर खोळ मधोमध पिवळी. चादरही, खांद्यापासून कमरेपर्यंत, माणूस झोपावा त्या आकाराची पिवळी. पोरींनी हळदीच्या अंगानं लोळून ठेवलं म्हणून मी करवादत खोळ धुण्याच्या दगडावर नेली आणि साबण फासला. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. लग्नाघरात ज्या बाईनं एकदा तरी धुणं धुतलं, तिला हे माहीत असतं. मी घासत राहिले. डाग लाल होईना. उलट जास्तच पिवळा झाला.

मी साबण बदलला. तेच.

साधना हात धुवायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुमच्या बहिणीनं हळदबी भेसळीची आणली. साबणाले लाल नाही होत."

"कोणती हळद? केशरबाईंची?"

"नाही वं, ही तर..." आणि मी थांबले. ती खोळ मी स्वतः काल मेंदीच्या आधी घातली होती. आज सकाळी हळदीच्या पाटावरून उठून करिश्मा थेट न्हायला गेली होती. गादीवर ती फक्त काल रात्री झोपली होती. बिनहळदीची.

साधनानं माझ्या हातातून खोळ घेतली. साबण खळखळून धुतला, स्वैपाकघरात गेली, एक लिंबू कापून आणलं आणि त्या पिवळ्यावर पिळलं.

हळदीवर लिंबू पिळलं तर हळद पिवळीच राहते. इथे लिंबाचा थेंब जिथे पडला तिथून पिवळा रंग निघून गेला. धुतला गेला नाही, पसरला नाही, नुसता नाहीसा झाला. पांढऱ्या कापडावर पांढरं वर्तुळ मोठं होत गेलं. मग साधनानं त्याच जागी साबण लावला आणि रंग परत आला. जसा काही तिथेच बसून आमच्याकडे बघत होता.

"शालूताई," ती अगदी हळू म्हणाली, "ती काय खाऊन राहिली?"

आम्ही खोलीत गेलो. करिश्मा पंख्याखाली उघड्या फरशीवर पालथी पडली होती, गाल फरशीला लावून. श्वास भराभर चालला होता. मांजर मात्र खोलीत नव्हती. ती दाराबाहेर बसली होती आणि आत यायला तयार नव्हती. साधनानं थर्मामीटर लावला, पाहिला, झटकून पुन्हा लावला.

"गोळ्या कुठे आहेत?" साधनानं विचारलं.

करिश्मानं डोळे उघडले. पांढऱ्या भागातही पिवळं होतं. "पावडरच्या डब्यात," ती म्हणाली. मग लहान मुलीसारखं, "मावशी, त्यानं काही होत नाही. सगळे घेतात. फक्त गरम होते."

डब्यात कॅप्सूल होत्या, बिननावाच्या, आत हळदीपेक्षा पिवळी भुकटी. वहिनी धावत आली, तापाची गोळी घेऊन. साधनानं तिचा हात धरला. "ताई, हा ताप नाही. ताप अंग स्वतः चढवतं, त्याला गोळी उतरवते. हिच्या त्या भिंतीला भोकं पडलीत. सगळीकडे. प्रत्येक कणाच्या."

"काल तू सांगून राहिली होती ती?"

"तीच."

वहिनी गोळी हातात धरून तशीच उभी राहिली. पोरगी मरते का, हे तिनं विचारलं नाही. साधनाच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

रुग्णवाहिकेची वाट पाहायला वेळ नव्हता. अंगणात खुशालरावचा फुलांचा टेम्पो भरलेला उभा होता, उद्याच्या मांडवाचा झेंडू, आणि उन्हानं फुलं कोमेजू नयेत म्हणून मागवलेल्या बर्फाच्या लाद्या. टोपल्या बाजूला सारून, बर्फ फोडून, ओल्या पोत्यांवर आम्ही करिश्माला निजवलं. वरून बर्फ, बाजूला बर्फ. पांढरं लुगडं, पिवळं अंग, भोवती झेंडू. मला ते दृश्य दिसत होतं आणि मी ते पाहत नव्हते.

अमरावतीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, टेम्पो थांबला. मागच्या मोटरसायकलवाल्यानं आत पाहिलं, गाडी बंद केली, टोपी काढून हात जोडले. तेव्हा करिश्मा कोपरावर उठली आणि त्याच्याकडे पाहून हसली. तो माणूस मोटरसायकल तिथेच सोडून मागे सरकत गेला. आम्हीही हसलो, मी आणि साधना, तोंडावर हात धरून. मग माझ्या पायाला पाणी लागलं. बर्फाचं पाणी टेम्पोच्या पत्र्यावरून वाहत येत होतं, आणि ते कोमट होतं.

दवाखान्यात डॉक्टर नागसेन तायडे म्हणून तरुण मनुष्य होता. त्यानं कॅप्सूल पाहिली, साधनाचं ऐकून घेतलं, आणि खोटा धीर दिला नाही. यावर उतारा नाही, तो म्हणाला. भोकं बुजवायचं औषध नाही. अंगातलं विष आपोआप निघून जाईपर्यंत पोरीला थंड ठेवायचं, हातपाय हलू द्यायचे नाहीत, कारण हललं की उष्णता. झोपेचं इंजेक्शन दिलं. दोन्ही हातांना सलाईन. चहूकडून बर्फाच्या पिशव्या. पडद्यावर आकडा होता आणि तो उतरायला तयार नव्हता.

बाहेर बाकावर साधना माझ्याजवळ बसली. तिला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

"ते पिवळं आहे ना शालूताई, त्याला प्रोटॉन मिळाला की त्याचा रंग जातो. लिंबानं तेच केलं, त्याला प्रोटॉन दिला. बिनरंगाचं झालं की त्याला भिंत अडवत नाही. सरळ आत जातं, प्रोटॉन तिथे टाकतं, पिवळं होतं, आणि दुसरा आणायला परत येतं. थकत नाही. संपत नाही. आत्ता, या क्षणी, तिच्यात..."

"बास कर," मी म्हटलं.

आत जायची परवानगी मिळाली तेव्हा करिश्मा गुंगीत होती, पण तिनं मला ओळखलं. हात माझ्या हातात घेतला. मेंदीचा हात, काळा.

"आत्या, अमोलले सांगू नका मी सांगितलं म्हणून. आमचं ठरलं होतं. केशरबाईंनी फोटोच्या वेळी म्हटलं नं... बारीक व्हायच्या गोळ्या त्यानंच आणल्या, त्याच्या जिममधून. दोघांनी मिळून घ्यायच्या, कोणाले सांगायचं नाही. तो माझ्या आधीपासून घेऊन राहिला."

मग तिचे डोळे मिटले. साधना बर्फाच्या पिशव्या बदलत होती, तिचे हात थांबले. सकाळचं माझंच बोलणं माझ्या कानात आलं. जोडा शोभते मग.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन अमोलला फोन लावला. वाजून बंद पडला. केशरबाईला व्हिडिओ कॉल लावला. दिवेलागण झाली होती. तिनं उचलला तर मागे डीजे, लाल-हिरवे दिवे, तिचा चेहरा अर्धाच.

"बोला विहीणबाई," ती ओरडून म्हणाली. "करमेना का माह्याबिगर?"

"केशरबाई, करिश्माले दवाखान्यात आणलं. तुमच्या पोराचा नाच थांबवा. त्याले बर्फात झोपवा अन् मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता."

ती हसायला लागली. कोणालातरी म्हणाली, "शालूबाईचा फोन हाय. म्हणून राहिली, नवरदेवाले बर्फात ठेवा." तिकडून हशा ऐकू आला. "आमाले माहीत हाय तुमची थट्टा. सकायी हळदीत पाणी, आता नवरदेवाले बर्फ."

"थट्टा नाही करून राहिली मी."

"तुमी असंच म्हणता अन् मग करता."

खरं होतं. सकाळच्या दोन तासांत मी बाईशी एक सरळ वाक्य बोलले नव्हते. वहिनीला बोलावून फोनवर रडवावं असं मनात आलं, पण वहिनी आत काचेला चिकटून उभी होती. केशरबाईनं फोन फिरवला. "हे पाहा तुमचा जावई. त्याले बर्फ कायले लागते?"

अकोल्याचं अंगण. कडेनं माणसं कानटोप्या आणि मफलर घालून बसलेली, एका बाजूला शेकोटी. मध्ये अमोल कमरेच्या वर उघडा, मित्रांनी पुन्हा हळदीनं माखलेला, एका हातात नवरदेवाची कट्यार, तिच्या टोकाला दृष्ट लागू नये म्हणून खोचलेलं लिंबू. नाचत होता. त्याच्या खांद्यांवरून, डोक्यावरून, त्या थंड हवेत वाफ निघत होती. शेकोटीच्या धुरापेक्षा सरळ. माणसं टाळ्या वाजवत होती. त्यानं फोन पाहिला आणि कट्यार हलवली. डोळ्यांच्या कडा पिवळ्या.

मी दाराच्या काचेतून आत वहिनीच्या पाठीकडे पाहिलं. मग फोनकडे. मग म्हटलं, "केशरबाई, नाचते चांगला. पण हळद काही चढली नाही बाप्पा त्याले. वरवरची हाय."

"काय बोलता? पाहा नं."

"पैज लावा. कालचं बनियन आणा त्याचं, हळदीच्या आधीचं. धुणं पडलं असंन. तुमी जिंकल्या तं उद्या मांडवात सगळ्यायसमोर तुमचे पाय धुते. मी जिंकली तं डीजे बंद."

विहिणीची पैज नाकारली तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. ती गेली. फोन तिच्या हातातच होता, मला जमीन दिसली, न्हाणीचा उंबरा, बादली. तिनं बनियन उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. काखेत, पाठीवर, गळ्याशी पिवळं.

"हे घ्या," ती म्हणाली. "हळद लागायच्या आधीच पिवळा. देवाघरून माखून आला माहा पोरगा. या उद्या पाणी घेऊन."

"आता त्याच्या कट्यारीचं लिंबू काढा अन् त्या डागावर पिळा."

"कट्यारीचं? लग्न लागेपर्यंत ते काढत नाईत."

"मग हरल्या म्हणा."

तिनं हाक मारली. अमोल धापा टाकत आला, कट्यार पुढे केली. "घे आई, आत्याले हरव," तो म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. केशरबाईनं लिंबू ओढून काढलं. तिथे कट्यारीची चीर पडलेलीच होती. तिनं हसत हसत बनियनवर पिळलं.

ती हसतच होती. मग हसू तोंडावर राहिलं आणि आवाज बंद झाला. तिनं बनियन दिव्याजवळ नेलं, उलटं केलं, पुन्हा पाहिलं. अजून पिळलं.

"कुठं गेलं वं हे?" ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच.

"केशरबाई, करिश्माच्या उशीवरचंबी असंच गेलं. ते दोघंबी एकच काहीतरी खाऊन राहिले."

माझ्या मागे दार उघडलं. साधना होती. आकडा थोडा खाली आला, ती म्हणाली. थोडाच, पण खाली. मी मान हलवली, फोन तिच्याकडे दिला नाही.

केशरबाईनं लिंबाचा ओला हात पोराच्या छातीवर ठेवला होता, हळदीवर. आता तिनं तो काढला नाही. "अमोल," ती म्हणाली. "खाली बस बापू. कोणीतरी ते बंद करा रे."

डीजे एकदम बंद झाला नाही. आधी गाणं गेलं, मग नुसता ठोका राहिला, मग तोही गेला. टाळ्या थांबल्या. त्या शांततेत फोनवर फक्त अमोलचा श्वास ऐकू येत होता, लांबून धावत आलेल्या माणसासारखा. तो तर केव्हाचा जागेवर उभा होता.